नंबरप्लेट हातची गेली. आता रेडियमचं यंत्र घ्यायचं तर कोणतं?

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावी एसटी स्टँडसमोर उभं राहिलं की रेडियमचं एखादं तरी दुकान दिसतंच. अकलूज असो, टेंभुर्णी असो की सांगोला. पत्र्याचं शेड, बाहेर लटकवलेल्या रंगीत पट्ट्या, आत एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला कटिंग प्लॉटर. या दुकानांची रोजची भाजी-भाकरी नंबरप्लेटवर चालायची. नवी गाडी आली की प्लेट, जुनी फिकी पडली की प्लेट, आणि पोरगं हट्टालाच पेटलं तर ८०५५ चा 'बॉस' करून देणारी प्लेट. तो धंदा आता जवळजवळ संपला. तरीही 'एक छोटं मशीन घेऊन घरीच कटिंग करू' म्हणणारी पोरं कमी झालेली नाहीत. स्वतःची बाईक सजवायची, मित्राच्या बुलेटच्या टाकीवर नाव टाकायचं, वडिलांच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पट्टा मारायचा, अशी ही हौस असते. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मशीनला असतं. ते पैसे बहुतेक वेळा दुधाच्या पगारातून किंवा आईच्या बचत गटातून येतात. म्हणून कुठलं यंत्र घ्यायचं याआधी, त्या यंत्रावर आता कुठलं काम उरलंय हे बघावं लागतं.

प्लेटचं काम कुठं गेलं

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे सगळे म्हणतात ती एचएसआरपी, कंपनी आणि डीलरकडूनच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्याच्या परिवहन विभागाने विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलं. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीसह इतर गाड्यांना ७४५ रुपये, जीएसटी वेगळा, असे दर ठरले. २०२५ मध्ये मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढली. रांगा, ऑनलाइन तारखा, लांबचं केंद्र यावरून ओरड झाली ती वेगळी. पण एमएच-१३ असो की एमएच-४५, दिशा पक्की आहे. प्लेट आता टपरीवर होणार नाही.

आणि ती टपरीवर होण्यासारखी राहिलेलीही नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उठावदार अक्षरं, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आणि एकदा बसला की तोडल्याशिवाय न निघणारा स्नॅप लॉक. यातलं काहीही कटिंग प्लॉटरवर करता येत नाही. 'एचएसआरपीसारखी दिसणारी' प्लेट करून देणारे काही जण निघाले, पण तो सरळ गुन्ह्याचा रस्ता आहे. खऱ्या एचएसआरपीवर कोपऱ्यात 'आई' किंवा छत्रीचं चित्र चिकटवलं तरी चलन फाटू शकतं, कारण प्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय दुसरं काही चालत नाही.

तेव्हा ज्याला कोणी 'प्लेटवरच मशीनचे पैसे निघतील' असं सांगून यंत्र विकत असेल, तो जुना हिशोब सांगतोय. हा हिशोब पाच-सात वर्षांपूर्वी बरोबर होता.

उरलं काय? नावं, पट्टे आणि चित्रं. टेम्पोच्या पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर कुलदैवताचं नाव, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाचं नाव-गाव, बाईकच्या टाकीवरचे पट्टे, हेल्मेट, दूध संकलनाच्या गाडीवर डेअरीचं नाव आणि मोबाईल नंबर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीत बदल झाला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या २८ टक्क्यांवरून १८ वर आल्या, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. गाडी स्वस्त झाली की सजावटीला चार पैसे उरतात, हे गणित गावात कोणाला समजवावं लागत नाही. दसऱ्याला गाडी घरी येते, हार-नारळ होतो आणि दुसऱ्या दिवशी नाव टाकायला नेली जाते.

म्हणजे काम आहे. पण ते प्लेटच्या कामासारखं नाही. प्लेट छोटी, इंग्रजी अक्षरांची आणि ठरलेल्या मापाची असायची. आताचं काम लांबलचक आहे, वळणाचं आहे आणि मराठीत आहे. यंत्र निवडताना सगळा फरक इथंच पडतो.

बारा इंची की दोन फुटी

बाजारात सुरुवातीच्या यंत्रांचे दोन तट आहेत. एक, टेबलावर ठेवायचं बारा इंची हौशी यंत्र. सिल्हूट कॅमिओ, क्रिकट वगैरे नावं यूट्यूबवर दिसतात ती हीच. दिसायला देखणं, आवाज कमी, घरातल्या टेबलावर मावतं. दुसरं, स्टँडवर उभं राहणारं दोन फुटी प्लॉटर. यात रोलँड, ग्राफटेक ही जपानी नावं, आणि जिंका, स्कायकट यांसारखी चिनी बनावटीची. चिनी यंत्र साधारण काही दहा हजारांत येतं. जपानी नवं घ्यायचं तर लाखाच्या पुढची तयारी ठेवावी लागते.

बारा इंची यंत्राला नावं ठेवायचं कारण नाही. कार्डं, कपड्यावरची अक्षरं, बाटलीवरचे स्टिकर यासाठी ते उत्तम आहे. पण ते मुळात त्यासाठीच बनलेलं आहे. गाडीच्या कामात तीन ठिकाणी अडतं. व्हिनाइलचा रोल बाजारात दोन किंवा चार फुटी रुंदीत मिळतो. बारा इंचीवर चालवायचा तर आधी हाताने पट्ट्या कापत बसा. त्या पट्टीची कड जरा जरी तिरकी गेली तर आतलं कटिंगही तिरकं. दुसरं म्हणजे जोर. पात्यावर किती दाब पडतो तो ग्रॅममध्ये मोजतात. कॅमिओ ४ च्या नेहमीच्या पात्याला २१० ग्रॅम, तर रोलँडच्या जीएस-२४ ला ३५० ग्रॅमपर्यंत दाब मिळतो. साध्या व्हिनाइलला शंभर-सव्वाशे ग्रॅमही पुरतात, म्हणून दुकानातल्या डेमोत सगळी यंत्रं सारखीच छान वाटतात. चमकणारा रिफ्लेक्टिव्ह कागद लावला की खरं कळतं. त्यात काचेचे बारीक मणी असतात, तो जाड असतो आणि पातं खातो. आणि तिसरं, क्रिकटसारखं यंत्र फक्त कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून चालतं. ते सॉफ्टवेअर उद्या बदललं तर यंत्र घरात असून पाहुण्यासारखं.

फक्त स्वतःच्या एका बाईकवर दोन पट्टे मारायचे असतील तर खरं तर कुठलंच यंत्र घेऊ नये. फाइल बनवावी आणि सोलापुरातून कापून आणावी. पण मित्रांच्या गाड्या करणार, आणि उद्या जत्रेच्या आधी चार पैसे सुटले तर बरं, असं मनात असेल तर दोन फुटी स्टँडचंच यंत्र. मधलं काही नाही. बारा इंची घेऊन वर्षभरात दोन फुटीवर येण्यात पहिल्याचे पैसे बुडतात, कारण तालुक्याच्या ठिकाणी वापरलेलं हौशी यंत्र घेणारं गिऱ्हाईक सापडत नाही.

जाहिरातीतलं काय वाचायचं, काय सोडायचं

प्रत्येक जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो. सेकंदाला आठशे मिलिमीटर. हा आकडा वाचून सोडून द्यावा. इंचभर उंचीचं मराठी नाव कापताना कोणीही शंभर-दोनशेच्या वर जात नाही. गेला तर कोपरे फाटतात. दाबाचा आकडाही चिनी यंत्रांच्या जाहिरातीत सढळ हाताने लिहिलेला असतो, त्यामुळे तो वाचून नाही, रिफ्लेक्टिव्हवर चालवून बघायचा.

वाचायचं ते वेगळंच. मोटर स्टेपर आहे की सर्वो? स्वस्त यंत्रात स्टेपर असते. ती चालते, आवाज जास्त करते, आणि बारीक गोलाईवर कधी कधी बारीक पायऱ्या दिसतात. सर्वो मोटर महाग, पण गोलाई सफाईदार. नावं आणि पट्टे एवढंच करायचं असेल तर चांगली स्टेपर पुरते.

पात्याचा होल्डर कोणता, हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा. बरीचशी चिनी यंत्रं रोलँड पद्धतीचा होल्डर आणि पाती घेतात. ही पाती पुण्या-सोलापुरात सहज मिळतात, पंचेचाळीस अंशाचीही आणि जाड मालाला लागणारी साठ अंशाचीही. एखाद्या यंत्राचा होल्डर जगावेगळा असेल तर ऐन हंगामात पात्यासाठी कुरियरची वाट बघत बसावं लागेल.

यंत्राला एचपीजीएल ही भाषा कळते का, हेही विचारावं. कळत असेल तर सोबत आलेलं सॉफ्टवेअर बिघडलं, हरवलं, किंवा त्याचा परवानाच भलत्याच्या नावावर निघाला, तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काम चालतं. इंकस्केप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअरसुद्धा अशा यंत्राला फाइल पाठवू शकतं.

कॅमेरा किंवा सेन्सर लावून छापील चित्राच्या कडेने कापणारी यंत्रं, ज्याला कंटूर कट म्हणतात, ती थोडी महाग असतात. यावर दुकानदारांत दोन मतं आहेत. पण बाजाराचा कल बघता हे जादा पैसे वाया जाणारे नाहीत. बाईकचे आजचे रंगीबेरंगी किट एका रंगाच्या व्हिनाइलमधून होत नाहीत. ते आधी छापले जातात, मग कडेने कापले जातात. छापायचं यंत्र खेड्यात परवडणार नाही, परवडायची गरजही नाही. सोलापूर किंवा पुण्यातून छापून आणायचं आणि गावात कापायचं. हे करायचं असेल तर कंटूर हवंच. फक्त नावं करायची असतील तर ते पैसे चांगल्या व्हिनाइलवर घालावेत.

दुकानात उभं राहून घ्यायची परीक्षा

यंत्र विकणारा डेमोला नेहमी फुलपाखरू किंवा धावता घोडा कापून दाखवतो. ती फाइल त्याने शंभर वेळा चालवलेली असते. घेणाऱ्याने पेन ड्राइव्हवर स्वतःची फाइल न्यावी.

पहिली फाइल साधी: तीन मीटर लांबीचा, दोन-तीन इंच रुंदीचा चौकोन. टेम्पोच्या बाजूची पट्टी म्हणजे दुसरं काय असतं? यंत्र तीन मीटर पुढे जाऊन परत आलं की सुरुवातीचं आणि शेवटचं टोक जुळतं का ते बघायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर सरकलं तर रोल धरणारे रबरी रोलर किंवा यंत्राची चौकटच सरळ नाही. स्वस्त यंत्रात खरी गोम इथंच असते आणि फूटभराच्या डेमोत ती कधीच दिसत नाही.

दुसरी फाइल पाच मिलिमीटरच्या गोलांची एक रांग. गोल जिथं सुरू झाला तिथंच बंद व्हायला हवा. तोंड उघडं राहिलं तर पात्याचा ऑफसेट चुकलाय. पंचेचाळीस अंशाच्या पात्याला तो साधारण पाव मिलिमीटर लागतो आणि ऑपरेटरला तो बदलता यायला हवा. विकणाऱ्यालाच तो बदलता येत नसेल तर पुढची सेवा कशी मिळणार हे तिथंच कळतं.

तिसरी फाइल सगळ्यात महत्त्वाची. 'श्री ज्ञानेश्वर माउली' किंवा 'लक्ष्मी प्रसन्न', एक इंच उंचीचं, रिफ्लेक्टिव्हवर. त्यात ज्ञ आहे, क्ष आहे, श्र आहे, वेलांट्या आहेत. मराठी अक्षराने यंत्राचे सगळे दोष बाहेर काढले नाहीत तर कुठलंच काढणार नाही.

शिरोरेघेचा घोळ

नव्या माणसाचा सर्वात जास्त माल वाया जातो तो यंत्रामुळे नाही, शिरोरेघेमुळे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं. मराठीत अक्षरं शिरोरेघेने जोडलेली दिसतात, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या रेघेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर, कागदावर ते कळत नाही. प्लॉटर मात्र शाई ओतत नाही, तो कडा कापतो. त्यामुळे जिथं दोन रेघा एकमेकींवर चढल्या तिथं तो दोन्हींच्या कडा कापतो आणि 'जय मल्हार'ची शिरोरेघ चार-पाच ठिकाणी तुकडे होऊन हातात येते. कधी चढलेल्या जागेत बारीक भोक पडतं. गाडीवर लावल्यावर पहिल्या पावसात तेच तुकडे सुटतात.

उपाय कोरलमध्येही आहे आणि इंकस्केपमध्येही. अक्षरं कर्व्हमध्ये बदलायची आणि मग सगळी मिळून एकजीव करायची, कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन. मग वायरफ्रेम करून बघायचं, आत कुठं आडवी-उभी रेघ राहिली का. यावर मिनिटभर घातलं की फूटभर माल वाचतो. दुकानदाराने डेमोत हे आपणहून केलं तर तो माणूस कामाचा.

फाँटचाही प्रश्न आहे. जुन्या कोरलमध्ये यूनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून बहुतेक दुकानांत अजून श्रीलिपीवर काम चालतं आणि त्याची अस्सल प्रत किती जणांकडे असते हा वेगळाच विषय. इंकस्केपमध्ये यूनिकोड मराठी नीट उमटतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे देवनागरी फाँट मोफत आहेत आणि धंद्यातही वापरता येतात. मोदक तर नावासारखाच गुबगुबीत. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लांबून वाचायला आणि यंत्राने कापायलाही सोपा. बारीक रेघांचे, झोकदार फाँट लग्नपत्रिकेला ठीक. गाडीवर त्यांची टोकं सहा महिन्यांत वर येतात. आणि अनुस्वाराचा ठिपका फाँटमध्ये असतो त्यापेक्षा थोडा मोठाच ठेवावा. धुताना पहिला तोच निघून जातो आणि 'आनंद'चा 'आनद' होतो.

रेडियम म्हणजे रेडियम नव्हे

गावात सगळ्यालाच रेडियम म्हणतात. रंगीत व्हिनाइल असो, रिफ्लेक्टिव्ह असो की अंधारात आपोआप हिरवं दिसणारं स्टिकर. खऱ्या रेडियम धातूचा यात कणही नाही. ते नाव जुन्या काळच्या घड्याळाच्या चमकत्या काट्यांवरून चिकटलं. नावाने फारसं बिघडत नाही, पण माल मागताना बिघडतं. 'रेडियम द्या' म्हटलं की दुकानदार स्वस्तातला देतो.

साधं स्वस्त व्हिनाइल, ज्याला मोनोमेरिक म्हणतात, ते उन्हात आकसतं. दोन-तीन वर्षांत कडेने डिंकाची काळी रेघ दिसायला लागते. पॉलिमेरिक त्याहून टिकाऊ. कास्ट व्हिनाइल सगळ्यात पातळ आणि महाग, पण टाकीच्या गोलाईवर आणि मडगार्डच्या वळणावर तेच बसतं. सोलापूरच्या उन्हात पारा चाळीसच्या वर जातो, त्यात बाईकच्या टाकीवर पेट्रोल सांडतं. तिथं मोनोमेरिक लावणं म्हणजे गिऱ्हाईक परत न येण्याची सोय. ट्रॉलीच्या सपाट फाळक्यावर मात्र तेच चालून जातं. पत्र्याच्या शेडमध्ये रोल उभा ठेवला आणि उन्हाळा गेला की त्याची कड लाटेसारखी होते; मग तो कितीही चांगल्या यंत्रात तिरकाच जातो.

उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॉल्या, बैलगाड्या आणि जुगाड यांची गर्दी होते. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली नाही म्हणून होणारे अपघात या जिल्ह्याला नवे नाहीत. इथं रिफ्लेक्टिव्ह पट्टीचं काम खरंच महत्त्वाचं आहे. पण त्यासाठी प्लॉटर लागत नाही, कात्री पुरते. माल्या आणि प्रवासी वाहनांना लागणारी मान्यताप्राप्त पट्टी एआयएस-०९० या प्रमाणाची असते. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. रोलमधून कापलेला कुठलाही चमकता कागद तिची जागा घेऊ शकत नाही, पासिंगला तर नाहीच. आणि शोभेसाठी म्हणून मागच्या बाजूला पांढऱ्या रिफ्लेक्टिव्हची मोठी नक्षी काढली तर मागून येणाऱ्याला गाडी समोरून येतेय असा भास होऊ शकतो. ट्रॉलीच्या मागे लालच हवं, आणि ते चिखलाने माखत नाही अशा उंचीवर.

कायद्याची बाजू

पट्टे, नावं, देवाची चित्रं यांना आडकाठी नाही. पण पूर्ण गाडीचा रंगच व्हिनाइलने बदलला तर नोंदणी पुस्तकातला रंग आणि गाडीचा रंग जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली त्याची नोंद करून घ्यावी लागते. पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. त्यामुळे पुढच्या काचेवर 'आई तुळजाभवानी' वरच्या पट्टीत ठीक, पण निम्मी काच व्यापून नाही. ड्रायव्हरला रस्ता दिसायला पाहिजे, हे देवीलाही मान्य असेल.

'पोलीस', 'प्रेस', 'महाराष्ट्र शासन' ही स्टिकरं मागायला येणारे गिऱ्हाईक नव्या माणसाकडे आधी येतं, कारण जुना दुकानदार नाही म्हणतो. पन्नास रुपयांच्या कामासाठी चौकीवर जबाब द्यायला जाण्यात अर्थ नाही. कंपन्यांचे लोगो कापून विकणं हेही ट्रेडमार्क कायद्यात बसत नाही. एखाद्याच्या गाडीवरचा फाटलेला लोगो परत करून देणं आणि शंभर लोगो कापून लटकवणं यात फरक आहे.

पैशाचा हिशोब

समजा, यंत्र ३५ हजारांना पडलं. आठवड्याला पाच गाड्या आल्या, आणि माल, वीज, वाया गेलेलं धरून एका गाडीमागे दीडशे रुपये हातात राहिले. आठवड्याला साडेसातशे, महिन्याला तीन हजार. यंत्राचे पैसे निघायला वर्ष लागतं, तेही कॉम्प्युटर घरात आहे असं धरून. गावात आधीच दोन दुकानं असतील तर पाच गाड्या येतीलच असं नाही. म्हणून शेतीचं किंवा नोकरीचं बघत संध्याकाळी करायची हौस म्हणून हे परवडतं. सगळा संसार यावर टाकण्याइतकं ते आता राहिलेलं नाही. प्लेट होती तेव्हाची गोष्ट निराळी होती.

कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतची रक्कम बसते. पण बँक कोटेशन मागते आणि नंतर पक्कं जीएसटी बिल मागते. ऑनलाइन किंवा ओळखीतून बिनबिलाचं आणलेलं यंत्र तिथं चालत नाही. वॉरंटीही बिलावरच मिळते.

जुनं जपानी यंत्र हा एक चांगला मार्ग आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पुण्या-कोल्हापुरातली मोठी दुकानं नवं घेताना जुनं काढतात. दहा वर्षं चाललेलं जपानी यंत्र बऱ्याचदा नव्या स्वस्त यंत्रापेक्षा सरळ कापतं. बघायचं एवढंच की पात्याखालची पांढरी पट्टी खोल कापली गेलेली नाही ना, रबरी रोलर कडक होऊन तडकले नाहीत ना, हेड हाताने सरकवल्यावर अडकत नाही ना, आणि त्याचा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर चालतो ना. शेवटच्या मुद्द्यावर सौदे फसतात. यंत्र सुस्थितीत, पण ते चालवायला जुना कॉम्प्युटरही सोबत विकत घ्यावा लागतो.

विजेचं तर खेड्यात वेगळं सांगायला नको. कटिंग मध्येच थांबलं तर यंत्र पुन्हा त्याच बिंदूवर येत नाही आणि माल जातो. इन्व्हर्टर नसेल तर निदान छोटा यूपीएस हवा. आणि अर्थिंग. यंत्र मध्येच बंद पडतं, अर्धी फाइल कापून गप्प बसतं, यूएसबी तुटल्याचा आवाज येतो, अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा यंत्रात नसून अर्थिंगमध्ये आणि लांबलचक स्वस्त केबलमध्ये असतं. कोरड्या हवेत व्हिनाइल सरकताना स्थिर वीज साचते, ती निघून जायला वाट लागते. हजारो रुपयांचं यंत्र परत पाठवण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंगची पट्टी तपासून घ्यावी. केबल दीड-दोन मीटरपेक्षा लांब नको.

खरेदीची वेळही बघावी. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घेतलं तर शिकण्यात हंगाम जातो आणि आलेलं गिऱ्हाईक खराब कामाने तुटतं. पावसाळ्यात, आषाढी वारी उरकल्यावर घेतलं तर स्वतःच्या आणि घरच्या गाड्यांवर हात बसवायला दोन महिने मिळतात. पहिला रोल सगळ्यात स्वस्त घ्यावा, तो वाया जाण्यासाठीच असतो. पातं होल्डरबाहेर किती काढायचं हे त्याच्यावर शिकावं: व्हिनाइल कापलं गेलं पाहिजे, पण खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे. कागदच कापला जात असेल तर पातं आत घ्यावं, दाब कमी करायच्या आधी.